एक मीटर कापडाची मोजणी



ज्या सरांच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांच्या गणिताच्या वर्गात मी दोन वर्षं बसलो. उत्तर बरोबर असलं आणि पुढे एकक लिहिलेलं नसलं, तर सर गुण देत नसत. "बारा काय? बारा आंबे, की बारा कोस?" असं विचारून ते वही परत करत. पुढे मी वस्त्रोद्योगाचं अर्थशास्त्र शिकवू लागलो, तेव्हा 'उत्पादकता पाचपट वाढली', 'तंत्रज्ञानात क्रांती झाली' अशी वाक्यं रोज वाचनात येत आणि प्रत्येक वेळी सरांचा प्रश्न आठवे. पाचपट काय? कशाच्या पाचपट? कुणाला मोजून?

म्हणून आज विषय घेतला आहे तो असा : एखाद्या उद्योगात तंत्राचा मोठा बदल झाला, असं कधी म्हणायचं आणि तो मोजायचा कसा. उदाहरण कापडाचंच घेतो. मी इचलकरंजीत वाढलो, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरात कधी ना कधी माग चालला असेल. तेव्हा मी चुकलो तर मला जागीच थांबवायला माणसं आहेत.

एक मीटर कापड घेऊ. ५२ पिकाचं. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो : कापडात एका इंचात आडवे धागे किती पडले, ते पिक. आपल्याकडे मजुरी आणि खर्चीचा, म्हणजे दुसऱ्याचं सूत विणून देण्याचा, दर पिकावर बांधलेला असतो, हे तुम्ही जाणताच. मीटरभर कापडात साधारण ३९.३७ इंच. म्हणजे २,०४७ आडवे धागे. साधा यंत्रमाग मिनिटाला समजा १३० धागे टाकतो. मध्ये एकदाही धागा तुटला नाही, तर मीटरला पावणेसोळा मिनिटं लागतील. हवेच्या झोतानं धागा टाकणारा एअरजेट माग मिनिटाला ६५० धागे टाकतो असं धरा, मग तोच मीटर तीन मिनिटांच्या किंचित पुढे होईल. बदल किती? पाचपट.

पण थांबा. साध्या मागावरचं कापड १.३ मीटर रुंद, एअरजेटवरचं १.९ मीटर रुंद, असं समजा. मिनिटात किती मीटर आडवा धागा घातला हे मोजलं, तर एकीकडे १६९ आणि दुसरीकडे १,२३५. आता बदल सव्वासात पटीच्या वर गेला. एक कामगार साधे सहा माग सांभाळतो आणि एअरजेट दहा सांभाळतो असं मानलं, तर माणसामागे बदल बारा पट. आणि सावकाराच्या वहीतून पाहिलं तर? नव्या यंत्राची किंमत साध्या मागाच्या वीस पट आहे असं धरून चाला. गुंतवलेल्या रुपयामागे निघणारं कापड एक-तृतीयांशाच्या आसपास उतरतं. हे आकडे मी समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या शेडमधले वेगळे असतील. पण यंत्र तेच, कापड तेच, आणि पाच, सात, बारा व एक-तृतीयांश ही चारही उत्तरं बरोबर. त्यातलं कोणतं छापायचं हे ज्यानं ठरवलं, त्यानं बदलाचा अर्थही ठरवला.

आता थोडं मागे जाऊ. सूतकताईचा इतिहास लिहिणाऱ्या हॅरॉल्ड कॅटलिंग यांनी एक फार उपयोगी माप वापरलं. शंभर पौंड कापसाचं सूत करायला माणसाचे किती तास लागतात? सूत ८० नंबरचं, म्हणजे पौंडाला ८४० वारांच्या ८० लडी. एका पौंडात ६७,२०० वार धागा होतो, साठ किलोमीटरहून लांब. अठराव्या शतकात हातानं सूत कातणाऱ्या भारतीय बाईला शंभर पौंडांसाठी ५०,००० तासांहून अधिक लागत. १७८० च्या सुमारास क्रॉम्प्टनच्या म्यूल या कताईयंत्रावर हेच काम २,००० तासांवर आलं. १७९५ च्या आसपास, यंत्रशक्ती जोडलेल्या म्यूलवर, ३००. आणि १८२५ च्या सुमारास रिचर्ड रॉबर्ट्सचा स्वयंचलित म्यूल आला तेव्हा १३५.

हे आकडे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवत असे आणि मग काही न बोलता थोडा वेळ उभा राहत असे. पन्नास हजारांवरून दोन हजारांवर उतरणं म्हणजे पंचवीस पट. बंगालच्या आणि आपल्या खेड्यांतल्या सूत कातणाऱ्या बायकांचं पुढे काय झालं, याचं निम्मं स्पष्टीकरण या एका ओळीत आहे. राज्यकर्त्यांनी लावलेली जकात आणि इतर कारणं होतीच, ती मी नाकारत नाही. पण पंचवीस पटीपुढे तासाला शंभर-सव्वाशे वार सूत कातणारा हात किती काळ टिकणार होता?

या मापाची ताकद अशी की एकक स्वच्छ आहे : तास, पौंड, सुताचा नंबर. तरीही त्याची मर्यादा सांगायलाच हवी. नंबर ८० ला बांधून ठेवल्यामुळे तुलना होऊ शकली, पण ढाक्याच्या मलमलीसाठी लागणारं, त्याहून कितीतरी तलम सूत या फळ्यावर मावतच नाही. ते काढणारे हात गेले तेव्हा तासांच्या तक्त्यात काहीच कमी झालं नाही. माप एका गोष्टीला बांधलं की बाकीच्या गोष्टी त्यातून निसटतात. हे मापाचं दूषण नाही, त्याचा स्वभाव आहे. मोजणाऱ्यानं तो सांगितला पाहिजे, एवढंच.

आता एका अशा बदलाकडे वळतो जो पटींमध्ये मोजला तर फारसा मोठा दिसत नाही. म्यूल आणि रिंग. म्यूलची गाडी मागे जाते तेव्हा धागा ओढून पीळ देते, पुढे येते तेव्हा तो गुंडाळते. दोन्ही कामं आळीपाळीनं होतात. रिंग फ्रेमवर ओढणं, पीळ देणं, गुंडाळणं अखंड चालतं. अमेरिकेत जॉन थॉर्पनं रिंगची कल्पना १८२८ मध्ये मांडली. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, आणि १८८० च्या दशकात तिथे रिंगच्या चात्या लावून पाहण्यात आल्या. त्या काळी जगाची कापड-राजधानी इंग्लंडमधलं लँकेशायर होती, आणि तिथे हे यंत्र अजून दुय्यम मानलं जात होतं. जपाननं तर १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ पूर्णपणे रिंगची वाट धरली. आणि लँकेशायर? १९१३ मध्येही तिथल्या पाच चात्यांपैकी साधारण चार म्यूलच्याच होत्या.

असं का झालं यावर लार्स सँडबर्ग आणि विल्यम लेझोनिक या अभ्यासकांचा वाद प्रसिद्ध आहे. सँडबर्ग यांचं म्हणणं, लँकेशायरचे मालक हिशेबी होते. त्यांचं सूत तलम, त्याला म्यूल बरा पडत होता. रिंगची जड लाकडी बॉबिन सुतासकट दुसऱ्या गावच्या विणाई गिरणीत पाठवायची आणि रिकामी परत आणायची, याचं भाडं परवडत नव्हतं. लेझोनिक म्हणतात, कताई एका कंपनीत आणि विणाई दुसरीत, अशी जी रचना होऊन बसली होती तिनेच त्यांना जखडलं. त्या वादात मी आज शिरत नाही. माझं मत लेझोनिककडे झुकतं.

मला दाखवायचं आहे ते दुसरंच. म्यूल चालवणारा कातकामगार हा बरीच वर्षं शिकून तयार झालेला पुरुष असे. हाताखाली पोरं, संघटना पक्की, दर छापील तक्त्यानुसार. रिंग फ्रेमवर तुटलेला धागा जोडता आला की झालं. ते काम बायका आणि कोवळी मुलं काही आठवड्यांत शिकत. म्हणजे वेगाच्या मापानं बदल मध्यम, आणि 'कामगाराच्या अंगात काय असावं लागतं' या मापानं बदल प्रचंड. ज्या मुलखात म्यूलचे पक्के कामगार पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले नव्हते, त्याला रिंगनं दार उघडून दिलं. नागपूरला आणि जपानच्या ओसाकाला जे लवकर दिसलं ते लँकेशायरमधल्या मँचेस्टरला उशिरा दिसलं, कारण मँचेस्टरजवळ गमावण्यासारखं कसब होतं.

ही गोष्ट शास्त्रीय चौकटीत मांडली मायकल टशमन आणि फिलिप अँडरसन यांनी, १९८६ मध्ये. त्यांनी सिमेंट, विमानवाहतूक आणि छोटे संगणक असे तीन उद्योग घेतले आणि प्रत्येकाला एक साधं माप लावलं. सिमेंटसाठी, एक भट्टी दिवसाला किती पिंपं सिमेंट काढू शकते. वर्षानुवर्षं ही रेषा हळूहळू चढते आणि मध्येच एकदम उडी घेते. ती उडी म्हणजे मोठा बदल. इथपर्यंत कुणीही आलं असतं. पण पुढे त्यांनी विचारलं की या उडीनं जुन्या माणसांचं ज्ञान वाढवलं की निकामी केलं? उभ्या भट्टीच्या जागी आडवी फिरती भट्टी आली तेव्हा उभ्या भट्टीवाल्याचं कसब मोडीत निघालं. पुढे एडिसननं दीडशे फूट लांबीची फिरती भट्टी काढली. उत्पादन त्यानंही उडी घेऊन वाढलं, पण फिरती भट्टी चालवणाऱ्याचं ज्ञान तिथे कामाला आलं, उलट त्याची किंमत वाढली. आलेखावर दोन्ही उड्या सारख्याच दिसतात. त्यांना आढळलं असं की कसब मोडणारे बदल बहुधा बाहेरून आलेल्या नव्या कंपन्या घडवतात, आणि कसब वाढवणारे बदल जुन्या कंपन्या.

माझ्या दृष्टीनं 'मोठ्या बदला'ची ही आजवरची सर्वांत प्रामाणिक व्याख्या आहे. तिच्यात एक उणीव आहे, ती अशी की कसब कंपनीचं मोजलं आहे, माणसाचं नाही. त्याकडे मी येतोच.

त्याआधी काळाचा प्रश्न. बदल कोणत्या साली झाला? रिंगच्या बाबतीत १८२८ लिहायचं, १८८० चं दशक लिहायचं, की लँकेशायरनं अखेर म्यूल मोडले ते विसाव्या शतकाचे मधले दिवस? झ्वी ग्रिलिखेस यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतल्या संकरित मक्याचा अभ्यास केला. आयोवात हे बियाणं लवकर आणि झपाट्यानं पसरलं, अलाबामात उशिरा आणि सावकाश. प्रसाराची रेषा दोन्हीकडे इंग्रजी एस अक्षरासारखी होती : सुरुवातीला रेंगाळणारी, मधे उभी चढणारी, वर जाऊन सपाट होणारी. त्यांनी ती रेषा तीन प्रश्नांत बांधली. सुरुवात कधी, चढ किती, आणि शेवटी किती शेतात पोचलं. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांनी 'अमुक साली बदल झाला' असं लिहिलं की मी विचारायचो, सुरुवातीचं साल, की निम्मा उद्योग बदलला ते साल? त्या दोहोंत एक पिढी जाऊ शकते.

विजेचंच पाहा. एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये १८८२ ला सुरू झालं. १९०० च्या आसपास अमेरिकेतल्या कारखान्यांची यंत्रं फिरवणाऱ्या शक्तीत विजेच्या मोटरींचा वाटा पाच टक्क्यांच्याही आत होता. १९२० पर्यंत तो निम्म्याच्या वर गेला, आणि उत्पादकतेची खरी झेप दिसली ती त्यानंतर. पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये याचं कारण सांगितलं. आधी कारखानदारांनी वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटर बसवली, पण छताखालचा लांब शाफ्ट आणि त्यावरून उतरणारे चामड्याचे पट्टे तसेच ठेवले. शक्ती बदलली, कारखाना तोच राहिला. जेव्हा प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली, तेव्हा शाफ्टच्या सोयीनं मांडलेली यंत्रं कामाच्या ओघानुसार मांडता आली. मजबूत छताची आणि मजल्यांवर मजले चढवण्याची गरज संपली, एक यंत्र बिघडलं म्हणून सगळी रांग बंद पडायची थांबली. मुंबईच्या गिरण्यांना खोपोलीची वीज १९१५ पासून मिळू लागली. गिरणीचा इतिहास लिहिणारा 'वीज आली' असं लिहून पुढे जातो, तेव्हा मला त्याला विचारावंसं वाटतं : पट्टे कधी उतरले? त्या गिरणीपुरतं मोठ्या बदलाचं साल तेच.

अर्थशास्त्रज्ञांच्या सर्वांत नावाजलेल्या मापाबद्दल मात्र मी थोडक्यातच बोलतो. रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये दाखवलं की १९०९ ते १९४९ या काळात अमेरिकेत माणसाच्या तासामागचं उत्पादन दुप्पट झालं, आणि त्यातला जेमतेम आठवा हिस्सा भांडवल वाढल्यामुळे होता. उरलेले सात हिस्से त्यांनी तांत्रिक बदलाच्या खात्यात टाकले. पद्धत अशी : श्रम आणि भांडवल यांनी जे समजतं ते वजा करायचं, उरेल ते तंत्रज्ञान. आदल्याच वर्षी मोझेस अब्रामोविट्झ यांनी बजावून ठेवलं होतं की ही बाकी म्हणजे आपल्या अज्ञानाचंच माप आहे. देशाच्या पातळीवर या बाकीचा उपयोग आहे. एका उद्योगात काय बदललं हे तिच्यावरून सांगता येत नाही, कारण वजाबाकीत उरलेल्या आकड्याला यंत्र कळत नाही, माणूस कळत नाही, चांगला पाऊस आणि वाईट हिशेबही वेगळे कळत नाहीत.

आणि आता मी १९२८ कडे येतो, कारण तिथे व्याख्येचा प्रश्न पुस्तकाबाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिला.

मुंबईच्या गिरणीत विणकर दोन माग चालवत असे. गिरणगावात मागाला साचा म्हणत. काही मालकांनी ठरवलं की त्यानं तीन चालवावेत, आणि कताई खात्यातल्या माणसानं रिंग फ्रेमच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात. याला नाव होतं कार्यक्षमता योजना. याविरुद्ध कामगारांनी संप केला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत शहरातल्या बहुतेक गिरण्या बंद होत्या. सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने घरी बसले, काही गावी कोकणात आणि घाटावर परतले. गिरणी कामगार युनियन या संपात उभी राहिली.

विचार करा, इथे नवं यंत्र कोणतं आलं? माग तेच होते. दोनाचे तीन झाले, एवढंच. मालकाच्या कागदावर माणसामागे उत्पादन दीडपट. तंत्रज्ञानाच्या कोणत्याही नेहमीच्या व्याख्येत हा बदल बसत नाही, तरी आकड्यात तो चांगल्या यंत्राइतकाच मोठा दिसतो. कामगाराचं माप वेगळं होतं : दमट खात्यात दिवसभरात किती चालावं लागतं, वाईट सुताचा धागा किती वेळा तुटतो, एका मागावर धागा जोडताना दुसऱ्या दोन मागांवर काय होतं. मालक सांगत, परदेशात एक विणकर चार आणि अधिक माग चालवतो. कामगार म्हणत, तिथलं सूत आणि तिथली हवा इथे आणा, मग बोला. मला यात कामगाराची बाजू शास्त्रीयदृष्ट्याही जास्त बळकट वाटते. धागा वारंवार तुटत असेल तर तिसरा माग म्हणजे निव्वळ जास्त मेहनत. सूत सुधारून, तुटण्याचं प्रमाण घटवून दिलेला तिसरा माग म्हणजे तंत्राचा बदल. कागदावर दोन्हींचा आकडा एकच. फरक कळायचा असेल तर तासाला धागे किती तुटले हे मोजावं लागेल. ही नोंद ठेवायला एक पाटी आणि खडू पुरतो.

पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, अखिल भारत चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख. गांधीजींच्या पुढाकारानं निघालेल्या या जाहिरातीच्या अटी मी तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला देत असे. उत्पादनाची अट त्यात होती, सुताच्या नंबराची होती. पण त्याबरोबर असंही होतं की यंत्र खेड्यातल्या साध्या घरात चाललं पाहिजे. बाईला ते फार कष्ट न पडता आठ तास चालवता आलं पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या पुढे नको. वीस वर्षं टिकलं पाहिजे, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च ठरल्या मर्यादेत राहिला पाहिजे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही या स्पर्धेसाठी यंत्र घडवलं गेलं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

मिळालं नाही म्हणून ती स्पर्धा फसली असं पुष्कळ लोक म्हणतात. मला वाटतं, आपल्या देशात 'मोठा बदल' कशाला म्हणायचं याची इतकी नेमकी व्याख्या त्याआधी कुणी लिहून ठेवली नव्हती. वेग किती, हे तर सांगितलंच, शिवाय कुणाच्या हाती, कोणत्या घरात, किती थकून, किती वर्षं, आणि बिघडल्यावर काय, हेही सांगितलं. चरख्याच्या अर्थकारणाबद्दल माझे मतभेद आहेत. पण त्या अटींना मी हात जोडतो.

स्वातंत्र्यानंतर व्याख्येलाच कायद्याचं बळ आलं. पुण्याच्या द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९५५ मध्ये शिफारस केली की गिरण्यांची विणाईची क्षमता आहे तिथेच रोखावी आणि वाढीव कापड विकेंद्रित क्षेत्रानं विणावं. हेतू हातमाग जगवण्याचा होता. ती जागा मोठ्या प्रमाणात यंत्रमागानं घेतली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला होता, तिथे पुढच्या दशकांत गल्लोगल्ली शेड उभ्या राहिल्या. शेडमागे चार माग, सहा माग, बारा माग. आणि इथे मोजणीची एक मोठी फट तयार झाली. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या मूळ व्याख्येत विजेवर चालणारी आणि दहा किंवा अधिक कामगार असणारी जागा म्हणजे कारखाना. उद्योगांची वार्षिक पाहणी नोंदणी झालेल्या कारखान्यांची. सहा मागांची शेड त्यात येत नाही. देशातल्या कापडाचा फार मोठा भाग जिथे विणला जातो, तिथला बदल नियमित मोजणाऱ्या फुटपट्टीबाहेर राहिला.

माझी आत्या कांड्या भरायची. साध्या मागावर आडवा धागा धोट्यातून जातो, धोट्यात कांडी असते आणि ती काही मिनिटांत संपते. म्हणून शेडला सतत भरलेल्या कांड्या लागतात. आत्याच्या ओसरीत कांडी भरायचं यंत्र होतं. संध्याकाळी शेडमधून पोरगा रिकाम्या कांड्यांची टोपली टाकून जाई, सकाळी भरलेली घेऊन जाई. लहानपणी मोजायचं काम माझ्याकडे असे. तिचं नाव कोणत्या मस्टरवर नव्हतं, पण मुलांची शिक्षणं त्या टोपल्यांवर झाली.

रॅपियर आणि एअरजेटवर धोटा नसतो. धागा कोनवरून सरळ येतो. सुरुवातीला मी जो पाच, सात, बारा पटींचा हिशेब मांडला, त्यातल्या एकाही आकड्यात कांडी नाही. धोटा गेला तेव्हा वेग वाढला हे सगळ्यांनी लिहिलं. कापडाच्या वाटेवरची एक अख्खी पायरी नाहीशी झाली, आणि ती पायरी मुख्यतः बायकांची होती, हे मला कोणत्याही तक्त्यात सापडलं नाही. १ एप्रिल १९९९ ला तंत्रज्ञान सुधारणेसाठी केंद्राची कर्ज-सवलत योजना सुरू झाली. तिची फलश्रुती सांगताना आकडे दिले जातात ते यंत्रांचे आणि रुपयांचे.

मी नव्या यंत्राच्या विरोधात नाही. साध्या मागाच्या खडखडाटानं माझ्या वडिलांचे कान गेले. धोटा उडून डोळा गमावलेला माणूस मी पाहिला आहे. ते माग राहावेत असं मी कसं म्हणेन? मोजणी पुरी करा, इतकंच माझं म्हणणं आहे.

तेव्हा मी व्याख्या अशी करतो, आणि ती तुमच्यासमोर तपासायला ठेवतो. कच्च्या मालापासून पक्क्या मालापर्यंतच्या वाटेवरची एखादी पायरी नाहीशी झाली, किंवा एखाद्या पायरीवरच्या माणसानं वर्षानुवर्षं कमावलेलं कसब त्याच गावात विकलं जाईनासं झालं, तर त्या उद्योगात तंत्राचा मोठा बदल झाला. वेग कितीही पट वाढो. या कसोटीवर रिंग मोठा बदल ठरते, धोट्याचं जाणं मोठा बदल ठरतं, दोनाचे तीन साचे ठरत नाहीत. आणि मोजायचं असेल तर यंत्र मोजण्याआधी पायऱ्या मोजा : सूत उघडण्यापासून घडी घालण्यापर्यंत किती हात लागत होते, आता किती लागतात, कुणाचे, आणि ते काम शिकायला किती दिवस लागत. कॅटलिंग यांच्या तासांना अशी शिकाऊपणाच्या दिवसांची जोड मिळाली, तर एका उद्योगाची दुसऱ्याशी तुलनाही करता येईल. माग दुरुस्त ठेवणारा जॉबर तयार व्हायला पाच वर्षं लागत असतील आणि नव्या यंत्राचा फिटर सहा महिन्यांत तयार होत असेल, किंवा याच्या उलट असेल, तर तो आकडा सोलोंच्या बाकीपेक्षा जास्त बोलतो. उलटही असू शकतं, हे मी जाणूनबुजून म्हणतो. एअरजेटच्या पाटीवरचे संकेत वाचून दोष शोधणारी मुलं आज आपल्या गावात आहेत, आणि त्यांचं कसब जुन्या जॉबरपेक्षा कमी आहे असं मानायला मी तयार नाही.

ही मोजणी सरकारनं करावी असं मी म्हणू शकतो, पण सरकारला जे मोजायचं आहे ते जुन्या शेडमध्ये आता फार दिवस राहणार नाही. साधे माग किलोच्या भावानं भंगारात जात आहेत. मागाबरोबर वह्याही जातात : पिकाचे दर, पगाराची पानं, कांड्यांचे हिशेब, ताण्याचे धागे जोडून देणाऱ्या वहिफणीवाल्याला दिलेले पैसे.

म्हणून समोर बसलेल्या यंत्रमागधारकांना माझी एक विनंती आहे. माग विकायच्या आदल्या दिवशी एक कागद घ्या. माग कोणत्या साली बसवला, मिनिटाला किती पिक टाकत होता, त्यावर कोण कोण काम करत होतं, कांड्या कुणाच्या घरून येत होत्या आणि टोपलीला काय दर होता, हे त्यावर लिहा. खाली तारीख घाला. जुनी वही असेल तर ती कागदासोबत ठेवा आणि गावच्या ग्रंथालयात नेऊन द्या. ग्रंथालयवाल्यांना मी आजच विचारलं आहे. त्यांनी एक कपाट रिकामं करून ठेवलं आहे.